मर्यादवेलीच्या अलीकडे: पुण्याहून समुद्रकाठी पहिला तंबू, पहिली कॅम्परव्हॅन

तारीख ठरवायच्या आधी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खाली काढा आणि त्या शनिवार-रविवारची तिथी बघा. जोडून सुट्टी कधी येते हा प्रश्न नंतरचा. तंबू कुठे लावायचा, पाण्यात किती वाजता उतरायचं, जेट्टीवर गाडी कधी न्यायची, हे सगळं तिथीवर ठरतं. पुण्यातून पहिल्यांदा निघणारे हवामान बघतात, घाट उघडा आहे का बघतात, जागेचे फोटो बघतात. भरती-ओहोटीचा विचार मात्र पाय ओले झाल्यावर सुरू होतो.

कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल त्या वेळेला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला भरती आणि रात्री नऊच्या सुमाराला ओहोटी. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. साधारण साडेबारा तासांनी दुसरी भरती येते आणि रोज ती वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पोहोचल्यावर एखाद्या कोळ्याला विचारून घड्याळ जुळवून घ्यायचं.

आता याच हिशेबाने पौर्णिमा काढून बघा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला आणि अमावस्येला या किनाऱ्यावर पूर्ण भरती भर दुपारी आणि भर मध्यरात्री येते. शिवाय हे दिवस उधाणाचे, पाणी सगळ्यात वर चढतं. आणि नेमकं चांदणं बघायला म्हणून लोक पौर्णिमाच निवडतात. संध्याकाळी सहाला पोहोचतात तेव्हा ओहोटी असते, पाणी लांब गेलेलं असतं, कडक सपाट वाळू समोर पसरलेली असते. तंबू तिथेच लागतो.

आमचाही लागला होता. आठ-नऊ वर्षांपूर्वी, दिवेआगरला. पाणी दीडशे पावलांवर होतं. रात्री बाराच्या सुमाराला माझ्या पाठीखालची चटई गार लागली. मला वाटलं दव आहे. हात टेकवला तर तळव्याखालची वाळू सरकत होती, तंबूच्या कापडाखालून पाणी आत-बाहेर करत होतं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला उचलून, अंधारात, चपला शोधत आम्ही वर पळालो. मागे वळून बघितलं तेव्हा तंबू एका बाजूने बसला होता आणि आमची पाण्याची बाटली तरंगत चालली होती. बांधाजवळच्या वाडीतल्या काकूंनी पडवीत जागा दिली, गोधड्या दिल्या. सकाळी त्या मला किनाऱ्यावर घेऊन गेल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "ही वेल बघितलीस? मर्यादवेल म्हणतात हिला. समुद्र हिच्यापर्यंत येतो. हिच्या पुढे राहू नये, बाळा."

जाडसर, मधोमध दुभंगलेली पानं, जांभळी फुलं, वाळूवर लांबच लांब पसरलेली वेल. तिचं नावच सगळं सांगतं. तिच्या खालच्या बाजूला काटक्या, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिक आणि शिंपल्यांची एक रेघ दिसेल. ती गेल्या मोठ्या भरतीने ओढलेली रेघ. तंबू वेलीच्या जमिनीकडच्या बाजूला, बरंच आत. वेलीवर मात्र नको, आणि ती उपटून जागा साफ करायचीही नाही. वाळू तीच धरून ठेवते.

पहिल्या खेपेला षष्ठी ते नवमीच्या आसपासचे दिवस निवडा. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी, ओढही कमी. षष्ठीला साडेचारची भरती धरली तर दुपारी दोन ते चार पाणी चढतं असतं, आणि गुडघाभर पाण्यात खेळायला तीच वेळ बरी.

महिने कोणते? नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्ये उकाडा आणि डास दोन्ही असतात, मार्चनंतर दुपारी दहा मिनिटं तंबूत बसवत नाही. जून ते सप्टेंबर मुळीच नको. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ती माशांच्या विणीसाठी असते, पण ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते त्या दिवसांत होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर नारळ वाहून पुन्हा निघतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जागा कशी निवडायची

पहिल्यांदा जाताना मोकळ्या किनाऱ्यावर राहायचा विचार सोडा. एखाद्या वाडीत जागा घ्या. वाडी म्हणजे माड-पोफळींची बाग, एक विहीर, मालकाचं घर, आणि अलीकडे बागेच्या टोकाला दोन संडास-बाथरूम बांधून तंबूला जागा देणारी बरीच कुटुंबं. सोयी साध्याच असतात. दिवा एखादा, प्लगपॉइंट एखादा, मोबाइलला रेंज एका विशिष्ट दगडावर उभं राहिल्यावर. पण मागे माणसांचं घर असतं आणि गोडं पाणी असतं. रात्री पोटात दुखलं तर दार वाजवता येतं.

फोनवर हे विचारून घ्या: किनारा पायी किती मिनिटांवर आहे, संडास किती आणि किती जणांत, विहिरीचं पाणी गोडं की मचूळ, रात्री वाहनं आत ठेवता येतात का, भाडं माणशी की तंबूमागे, जेवण घरचं मिळेल का आणि किती आधी सांगायला हवं. आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारते, शनिवारी रात्री दुसरा ग्रुप आहे का आणि स्पीकर लावतात का. मालक खरं सांगतात. त्यांनाही त्रास होतोच.

आधार कार्ड प्रत्येकाचं जवळ ठेवा. १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीला स्फोटकं उतरवली गेली होती, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ शस्त्रं असलेली बेवारस बोट सापडली. या पट्ट्यात पोलीस रात्री चौकशी करतात. ती गावाच्याच सुरक्षिततेसाठी असते, सरळ उत्तरं द्यावीत.

गाव कोणतं, तर पुण्याहून माझं पहिलं मत दिवेआगरला. किनारा लांब आणि उताराला सपाट, मागे सुरूचं बन, त्यामागे वाड्या. रस्ता चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असा, साधारण १६० किलोमीटर. गाडीने पाच तास धरा, कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, असेल तर सहा-सात. दापोलीकडचे कर्दे आणि लाडघर सुंदर आहेत पण लांब पडतात, एका रात्रीसाठी ओढाताण होते. नागाव जवळ आहे पण सुट्टीला तिथे मुंबईची गर्दी असते. काशीदची वाळू पांढरी आणि मोहक, पण किनारा झपकन खोल होतो. मुलं घेऊन पहिल्यांदा जाताना मी ते टाळते.

पुण्यातून पहाटे पाचला निघा. डिझेल-पेट्रोल पिरंगुटलाच भरून घ्या, घाटात पंप शोधत बसू नये. परतताना रविवारी जेवून लगेच निघा. दुपारी चारला निघालेली माणसं रात्री दहाला मुळशीच्या रांगेत असतात.

तंबू घेताना

"चार माणसांचा" असं लिहिलेला तंबू तीन माणसांचा समजा. चौथ्याच्या जागी सॅक येतात. आतला थर जाळीचा आणि वरून वेगळं आच्छादन, असा दुहेरी तंबूच घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत समुद्रकाठी दव इतकं पडतं की पहाटे आच्छादनावरून थेंब ओघळतात, आणि एकेरी तंबूत तेच थेंब तोंडावर पडतात. समोरासमोर दोन जाळीची दारं असतील तर फार बरं. जमिनीवर घालायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवी. मोठी असली की कडेला दव साचून तेच पाणी तळाखाली जातं. ताडपत्री, सुतळी, नायलॉनची दोरी हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतं आणि हवं त्या मापात कापून देतात.

स्लीपिंग बॅगवर पैसे घालू नका. किनाऱ्यावर पुण्याएवढी थंडी नसते. एक चटई, तिच्यावर फोमची पातळ गादी, अंगावर चादर आणि पहाटेसाठी गोधडी. घरच्या गोधडीसारखं काही नाही.

आणि निघायच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये तंबू एकदा लावून बघा. वाकलेली दांडी, हरवलेला खुंटा, अडकणारी चेन तिथेच कळते. मुलांना हे काम फार आवडतं, आणि प्रत्यक्ष जागेवर कोणती दांडी कुठे जाते हे त्यांच्याच लक्षात राहिलेलं असतं.

तंबू लावताना

आधी मान वर करून बघा. डोक्यावर माड असेल तर तिथे तंबू नाही. नारळ नुकतेच पाडले असले तरी झावळी पडतेच, आणि वाळकी झावळी उंचावरून आली की तंबूची दांडी मोडून आत येते. सुरूच्या बनात वाळक्या, अडकून राहिलेल्या फांद्या बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावरच्या वाड्या अक्षरशः आडव्या झाल्या होत्या. झाडाखाली तंबू लावण्याआधी मालकाला विचारा, त्याला आपलं प्रत्येक झाड माहीत असतं.

मग वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे उपयोगाला येतात. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर वारा दिवसभरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वळतो. तंबूची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून दोन्ही दारं उघडी सोडली की वारा आरपार जातो आणि झोप लागते. दुपारचा वारा जोरकस असतो, म्हणून पश्चिमेची बाजू सगळ्यात पक्की बांधायची.

वाडीतल्या मातीत लोखंडी खुंटे धरतात. वाळूवर धरत नाहीत, कितीही खोल ठोका. वाळूत एकच उपाय आहे. घरून तांदळाच्या पाच किलोच्या रिकाम्या पिशव्या न्या, कापडी किंवा विणलेल्या. प्रत्येक दोरीला एक. पिशवीत ओली वाळू दाबून भरा, तोंड घट्ट बांधा, पोटाभोवती दोरी दोनदा गुंडाळून गाठ मारा. तंबूपासून दीड-दोन हात लांब कोपरापर्यंत खोल खड्डा करा. पिशवी आडवी ठेवा, म्हणजे दोरीच्या काटकोनात. दोरी तिरकी वर काढून खड्डा बुजवा आणि वर पायाने दाबा. आता दोरी ओढून बघा. तंबू हलेल, पिशवी हलणार नाही. मी हे शिकले ते एका होडीवाल्या दादांकडून, ते त्यांची मंडपाची ताडपत्री अशीच बांधत होते. मोठ्या वाऱ्यातही ते छप्पर जागचं हललं नाही. दोरीला तंबूच्या बाजूने सुरगाठ मारा, म्हणजे दव पडून कापड सैल झालं की रात्री ओढून ताणता येतं. दोऱ्यांवर पांढऱ्या चिंध्या बांधा. अंधारात संडासला जाणारा माणूस त्याच दोरीत पाय अडकून पडतो.

कॅम्परव्हॅन असेल तर

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून भाड्याने मिळणाऱ्या गाड्या वाढल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. पहिल्यांदा ड्रायव्हरसह घ्या. घाट, गावातले बोळ आणि मागे घेणं या तिन्ही गोष्टी अनुभवी हाताला सोप्या जातात. स्वतःच्या गाडीत पलंग, ओटा, टाकी कायमची बसवायची असेल तर आधी आरटीओत चौकशी करा. नोंदणीपुस्तकात न चढवलेला बदल विम्याच्या वेळी आडवा येतो.

खरी अडचण शेवटच्या पाचशे मीटरमध्ये असते. कोकणातल्या वाड्यांचे रस्ते बैलगाडीच्या मापाचे आहेत. दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, वरून विजेच्या आणि केबलच्या लोंबत्या तारा, पोफळीच्या झावळ्या. गाडीची उंची आणि रुंदी आकड्यात लिहून घ्या आणि मालकाला फोनवर विचारा, "पाण्याचा टँकर आत येतो का?" टँकर येत असेल तर तुमची गाडीही येईल. मीटरमधलं माप विचारलं तर अंदाजे उत्तर मिळतं, टँकरचं उत्तर नेमकं मिळतं. गावात शिरताना एकाने उतरून पुढे चालावं.

गाडी वाळूवर न्यायची नाही. किनाऱ्यावर वाहन नेलं तर गुन्हा दाखल होऊ शकतो हे एक. दुसरं म्हणजे ओहोटीला कडक दिसणारी वाळू चाक थांबलं की खालून ढिली होते, आणि रुतलेल्या गाडीकडे पाणी किती वेगाने येतं हे या किनाऱ्यांवर दर मोसमात कोणीतरी बघतं. वाडीतही चाकांखाली फळ्या घ्या. पाटावर बसवल्यासारखी गाडी सपाट बसली की झोप नीट लागते आणि पाणी मोरीतून नीट वाहतं.

विजेचा हिशेब कागदावर करा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. दिवे, एक पंखा आणि मोबाइल यांना रात्रभरात तीन-चारशे पुरतात. छोटा कंप्रेसर-फ्रिज दिवसाला पाच-सहाशे खातो. एसी एका तासात हजाराच्या आसपास घेतो, म्हणजे बॅटरीवर एसीचा विषयच काढू नये. शिशाची जुन्या पद्धतीची बॅटरी असेल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरायची, पूर्ण उतरवली की ती लवकर मरते. वाडीतल्या प्लगवर गाडी जोडायची असेल तर आधी मालकाला विचारा, जाड वायरची तीन पिनांची एक्स्टेन्शन घरून न्या, अर्थिंग आहे का ते टेस्टरने बघा. ओल्या पायाने त्या वायरला हात लावू नका. संध्याकाळी गावात विजेचा दाब कमी होतो, तेव्हा मोठं काही लावायचं नाही.

पाणी: चौघांना दोन दिवस पिण्या-स्वयंपाकाला ३५-४० लिटर, भांडी आणि पाय धुवायला तेवढंच. पिण्याचं पुण्यातून वीस लिटरच्या दोन जारमधून न्या. अंघोळ विहिरीवर. गाडीतला रासायनिक संडास वाडीच्या शोषखड्ड्यात ओतू नका. त्या औषधाने खड्ड्यातले जीवाणू मरतात आणि तुम्ही गेल्यावर त्या कुटुंबाची टाकी तुंबते. शक्य तोवर वाडीचाच संडास वापरा, गाडीतला रात्रीच्या अडचणीपुरता.

पुढे दापोलीकडे जायचं असेल तर बागमांडला ते वेसवी फेरीबोट बाणकोटच्या खाडीतून गाड्या पलीकडे नेते. मोठ्या गाडीने पूर्ण ओहोटीला चढू नका. पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि लांब शेपटीची गाडी मागून घासते. इथेही तिथीच कामाला येते.

चूल, जेवण, शेकोटी

बंद तंबूत किंवा काचा लावलेल्या गाडीत शेगडी, कोळसा, गॅस काहीही पेटवायचं नाही. पहाटे थंडी वाजली म्हणून निखाऱ्यांचं घमेलं आत घेणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. या बाबतीत कुणाचीही भीड ठेवू नका.

संध्याकाळचं जेवण मी वाडीतच सांगते. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण किंवा बिरड्याची उसळ, सोलकढी. आपण कितीही सामान नेलं तरी त्या चुलीवरची चव येत नाही, आणि त्या घरालाही चार पैसे मिळतात. सकाळचा चहा, पोहे, खिचडी एवढं आपल्या शेगडीवर. थंड डब्यात बर्फाऐवजी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. त्या वितळल्या की पिता येतात आणि खाली चिखल होत नाही. खाण्याची एकही वस्तू रात्री तंबूत किंवा बाहेर ठेवू नका, गाडीत बंद करा. कुत्री बिस्किटासाठी जाळी फाडतात, मग शिवत बसावं लागतं.

शेकोटी घमेल्यात, विटांवर ठेवून, वाडीच्या अंगणात. किनाऱ्यावर नको. आणि विझवताना वरून वाळू टाकायची नाही, पाणीच ओतायचं. वाळूखालचा निखारा सकाळपर्यंत धगधगत राहतो आणि अनवाणी धावणाऱ्या पोराचा पाय नेमका त्यावर पडतो.

किनाऱ्यावर शेकोटी आणि झगझगीत दिवे नको म्हणण्याला आणखी एक कारण आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवं या वाळूत अंडी घालायला येतात. वेळासचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण दिवेआगर, हरिहरेश्वर, आंजर्ले इथेही घरटी होतात. पिल्लं वाळूतून वर आली की उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्रावरचा मंद उजेड हीच त्यांची खूण. आपला दिवा त्याहून जास्त असला की ती उलट्या दिशेने निघतात. किनाऱ्यावर रात्री टॉर्च खाली धरून, लाल कागद लावून वापरा. जाळीने कुंपण केलेली जागा दिसली तर लांबून जा.

पाण्यात उतरताना

१ फेब्रुवारी २०१६ ला रायगडमधल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत कोणाच्या घरी टीव्ही लागला नाही, जिथे लागला तिथे आवाज नव्हता. कॉलेजमधल्या मुलांचे आईवडील जिन्यात उभे होते. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: पाणी चढतं असतानाच उतरायचं, उतरती लागली की सगळ्यांनी बाहेर. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू घेऊन आत ओढतं. पोहता येवो न येवो, गुडघ्याच्या वर नाही. एक मोठा माणूस कोरडा, काठावर, मोबाइल खिशात ठेवून फक्त पाण्यातली डोकी मोजत बसलेला. तो दर अर्ध्या तासाने बदलायचा. स्थानिक माणसाने "आज नको" म्हटलं तर कारण विचारत बसू नका. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट खडकांतून जाते, तिथे भरतीला उतरायचं नाही.

उथळ पाण्यात पाय घासत, वाळू ढवळत चाला. पाकट मासा वाळूत दडून बसतो, अंगावर पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. चाहूल लागली तर आपणहून निघून जातो. काटा लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना उतरते, आणि डॉक्टरकडे जा.

जमिनीवर भीती विंचवाची आणि फुरसं या विषारी सापाची. रात्री चपला नाही, बूट. घालण्यापूर्वी ते उलटे आपटायचे. लाकडाच्या, चिऱ्यांच्या, नारळाच्या सोडणांच्या ढिगात हात घालायचा नाही. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात पोरं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. पण त्यासाठी दवाखान्यात वेळेत पोहोचावं लागतं. चावलेला भाग कापणं, दोरी करकचून बांधणं, मंत्र, यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, गाडी काढा. श्रीवर्धनला आणि माणगावला सरकारी रुग्णालयं आहेत. वाडीवर पोहोचल्या पोहोचल्या मालकाला विचारून ठेवायचं की रात्री आजारी माणसाला कुठे न्यायचं आणि कोणाची गाडी तयार असते.

निघताना

तंबू सकाळी लगेच गुंडाळू नका. आठ-साडेआठपर्यंत ऊन आलं की आच्छादन उलटं करून दोरीवर टाका. वाळूच्या पिशव्या जिथून भरल्या तिथेच रिकाम्या करा, खड्डे बुजवा. कचरा दोन पिशव्यांत भरून पुण्याला परत आणा, खेड्यात तो शेवटी बागेच्या कोपऱ्यात जाळला जातो. श्रीवर्धनी रोठा सुपारी किंवा चार नारळ घ्यायचे तर त्याच घरातून घ्या.

घरी आल्यावर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही, तंबूच्या चेन, दांड्यांचे सांधे आणि खुंटे गोड्या पाण्याने धुवा. जुना दात घासायचा ब्रश चेनच्या दातांवरून फिरवा. खारं पाणी वाळून आत बसलं की पुढच्या खेपेला चेन मधेच अडते आणि ओढली की तुटते. गाडीचा खालचा भागही पाइप लावून धुऊन घ्या, चाकांच्या आतल्या कमानींसकट. तंबू गच्चीवर सावलीत दोन दिवस पसरा. शिवणीत बोट घालून बघा, गार लागलं तर अजून एक दिवस. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरायचा नाही.